भाषा माझ्यापाशी आहे

आयरिश माणसाला ‘मला आयरिश येते’ हे त्याच्या भाषेत सांगायचे असले, तर तो म्हणतो, ‘ता गेल्गे अगम’. शब्दाला शब्द ठेवला तर त्याचा अर्थ होतो, आयरिश माझ्यापाशी आहे. पैसा, घर, गाय यांच्याबद्दलही तो असेच बोलतो. एखादी वस्तू बाळगण्याचे, तिचा धनी असण्याचे जे खणखणीत क्रियापद इंग्रजीत आहे, ते त्या भाषेत नाही. आपल्या मराठीतही नाही. ‘माझ्याजवळ पैसे आहेत’ असे आपण म्हणतो. म्हणजे आज जवळ आहेत, उद्याचे कोणी पाहिले! मालकीच सांगायची झाली तर आयरिशमध्ये रचना वेगळी आहे, ‘इस ल्युम’. एखादे पुस्तक ‘इस ल्युम’ असले की ते माझे. ‘अगम’ असले की ते सध्या माझ्यापाशी, मग ते वाचनालयाचे का असेना. आणि भाषा येते हे सांगताना आयरिश माणूस मालकीची रचना वापरत नाही, पाशी असण्याची वापरतो.

व्याकरणातून समाजाचा स्वभाव काढू नये, हे मला मान्य आहे. आयरिशमध्ये भूकही माणसाच्या अंगावर असते आणि दुःखही. ‘मला भूक लागली’चे ‘भूक माझ्यावर आहे’ असे होते आणि ‘माफ करा’ म्हणायचे तर ‘दुःख माझ्यावर आहे’ असे म्हणतात. एवढ्यावरून ती माणसे जगातली सर्वांत सोशिक ठरवायची म्हटले, तर आयर्लंडचा इतिहास वाचणारा हसेल. तरीही हा ‘पाशी’ माझ्या डोक्यातून जात नाही. त्याचे कारण आयर्लंडात नाही, अकोला जिल्ह्यात आहे.

पातूर नगरपरिषदेच्या नव्या इमारतीवर पाटी लागली. वर मराठीत नाव, खाली तेच नाव उर्दूत. एका माजी नगरसेविकेने हरकत घेतली की पाटी फक्त मराठीतच हवी. फेब्रुवारी २०२० मध्ये नगरपरिषदेने बहुमताने ती फेटाळली. १९५६ पासून येथे उर्दूचा वापर चालत आला आहे आणि गावातल्या बऱ्याच लोकांना ती भाषा कळते, असे कारण दिले. डिसेंबरात जिल्हाधिकाऱ्यांनी शंभर टक्के मराठीचा आदेश काढला. एप्रिल २०२१ मध्ये अमरावतीच्या विभागीय आयुक्तांनी तो रद्द केला. मग नागपूर खंडपीठ, मग दिल्ली, मध्येच २०२२ चा स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेचा कायदा, म्हणून पुन्हा नागपूर, पुन्हा दिल्ली. शेवटी १५ एप्रिल २०२५ रोजी न्या. सुधांशू धुलिया आणि न्या. के. विनोद चंद्रन यांनी पाटी ठेवण्याचा निकाल दिला. मराठीच्या जोडीने उर्दू वापरायला कायद्याची मनाई नाही, भाषा म्हणजे धर्म नव्हे, भाषा प्रदेशाची आणि माणसांची असते, असे त्यांनी निकालपत्रात सविस्तर सांगितले.

निकाल चांगला लागला. पण पाटी काढायची की ठेवायची, एवढेच न्यायालय ठरवू शकते. उर्दू कोणाची, मराठी कोणाची, आणि मुळात ‘कोणाची’ हा प्रश्न तरी बरोबर आहे का, हे आपले आपल्यालाच पाहावे लागेल. या प्रश्नाने आयर्लंडला शंभर-सव्वाशे वर्षे छळले आहे, म्हणून तिकडे पाहावेसे वाटते.

तो देश वऱ्हाडाला अगदीच परका नाही. १९१६ च्या एप्रिलमध्ये ज्या आठवड्यात डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव चालू होता, त्याच आठवड्यात लोकमान्य टिळकांनी बेळगावला होमरूल लीग स्थापन केली. ‘होमरूल’ हा शब्दच मुळी आयर्लंडचा. लीगच्या कार्यक्षेत्रात मध्यप्रांत-वऱ्हाड होता आणि अमरावतीचे दादासाहेब खापर्डे तिच्या कामात टिळकांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते. आयर्लंडचे राजकारण असे आपल्याकडे आले. तिथे त्या राजकारणाइतकाच पेटलेला भाषेचा प्रश्न मात्र सोबत आला नाही.

दुसरा धागा अधिक जवळचा आहे. डोळ्याला ‘डोया’ आणि काळ्याला ‘काया’ म्हणणाऱ्या आपल्या वऱ्हाडीचे नमुने ज्या अवाढव्य ग्रंथमालेत छापले गेले, तो भारताचा भाषिक सर्वे जॉर्ज ग्रियर्सन या आयरिश माणसाने उभा केला. १७९ भाषा आणि ५४४ बोली त्यात नोंदल्या आहेत. मराठीचा सातवा खंड १९०५ मध्ये आला. त्याचे बरेचसे काम स्टेन कोनो या नॉर्वेच्या पंडिताचे. पद्धत अशी की उधळ्या पुत्राची बायबलमधली गोष्ट प्रत्येक बोलीत सांगून घ्यायची. घर सोडून गेलेला मुलगा आणि त्याची वाट पाहणारा बाप अशा रीतीने आपल्या वऱ्हाडीतही बोलले.

ग्रियर्सनचा जन्म डब्लिनजवळचा, १८५१ चा. त्याच वर्षी आयर्लंडच्या जनगणनेत पहिल्यांदा लोकांना त्यांची भाषा विचारली गेली. आयरिश बोलणारे निघाले पंधरा लाखांच्या थोडे वर, म्हणजे चौथा हिस्साही नाही. स्वतःच्या देशाची भाषा आटत असताना जन्मलेला हा माणूस परक्या देशाच्या बोली मोजत आयुष्य घालवतो, यात एक विचित्र न्याय आहे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात त्याला हिंदुस्तानी शिकवली ती मीर औलाद अली यांनी. अवधहून गेलेला हा मुसलमान माणूस १८६१ पासून पुढे तीसहून अधिक वर्षे डब्लिनमध्ये अरबी, फारसी आणि हिंदुस्तानी शिकवत होता. ग्रियर्सनचे संस्कृतचे गुरू रॉबर्ट ॲटकिन्सन. हे गृहस्थ जुन्या आयरिशचेही जाणते होते, त्यांनी तिच्यातले ग्रंथ संपादले होते. तरी १८९९ मध्ये शाळेत आयरिश शिकवावी का याची सरकारी चौकशी झाली, तेव्हा त्यांनी साक्ष दिली की या भाषेत मुलांच्या हाती देण्याजोगे जवळपास काही नाही. जे आहे ते एक तर बाष्कळ, नाही तर अशिष्ट. भाषा त्यांच्यापाशी होती. ती दुसऱ्याच्या लेकराला मिळू नये असे वाटण्याइतकी मालकीही त्यांनी तिच्यावर चढवली होती. विद्वानांची मालकी हा वेगळाच प्रकार आहे. शुद्ध मराठीच्या कैवाऱ्यांकडून वऱ्हाडीला तिचा प्रसाद बराच मिळाला आहे, म्हणून तो ओळखू येतो.

आता ती भाषा आटली कशी? १८३१ नंतर गावोगाव सरकारी शाळा निघाल्या, इंग्रजी माध्यमाच्या. त्या काळची एक वस्तू आयरिश माणसे अजून विसरलेली नाहीत, ‘बाता स्कोर’. ही एक काठी असायची, पोराच्या गळ्यात दोरीने अडकवलेली. पोरगा आयरिश बोलला की काठीवर एक खाच पाडायची. दिवस सरला की खाचा मोजायच्या आणि तितक्या छड्या. छड्या मास्तर मारी. पण खाचा पाडण्यात घरच्यांचाही हात असे, ही या गोष्टीतली खरी बोचरी जागा आहे. ज्या आईबापांना स्वतःला इंग्रजी धड येत नव्हती, तेच पोराच्या तोंडून आपली भाषा निघू नये म्हणून पाळत ठेवीत.

त्यांना दोष द्यायचा का? हा प्रश्न मला सोपा वाटत नाही. १८४५ ते १८५२ या काळात बटाट्याचे पीक कुजले. दहा लाखांच्या आसपास माणसे भुकेने आणि रोगाने मेली, तितकीच बोटीत बसून देशाबाहेर गेली. याला ते ‘अन गोर्ता मोर’, मोठी भूक, म्हणतात. सर्वांत जास्त मेले ते पश्चिमेकडचे गरीब, आणि आयरिश बोलणारेही मुख्यतः तेच. ज्या बापाने शेजारचे अख्खे घर असे संपताना पाहिले, त्याने पोराला बोटीची भाषा शिकवायची नाही तर काय करायचे? भाषेचा अभिमान धर असे त्याला सांगणारा माणूस पोटभर जेवलेला असणार. आयरिशमध्ये इंग्रजी भाषेला ‘बेर्ला’ म्हणतात, आणि गंमत अशी की या शब्दाचा मूळ अर्थ नुसता ‘बोलणे’, ‘वाणी’ असा होता. पुढे बोलणे म्हणजे इंग्रजीच असे झाले. आपल्या वऱ्हाडात कोणत्याही इंग्रजी शाळेला ‘कॉन्व्हेंट’ म्हणतात. तिथे दूरदूरपर्यंत एकही जोगीण नसते, वर पत्रे असतात आणि खाली तीसचाळीस पोरे. पऱ्हाटीचा भाव पडलेल्या साली वावर गहाण टाकून पोराला ‘कॉन्व्हेंट’मध्ये घालणारा बाप मी पाहिला आहे. तो हिंदू होता की मुसलमान, हे सांगण्यात काही अर्थ नाही, दोन्ही पाहिले आहेत. त्या बापाला मी मराठीद्रोही किंवा उर्दूद्रोही म्हणणार नाही. काठी त्याने बनवलेली नाही. काठी बनवणारे आणि ती गळ्यात बांधून घ्यायला भाग पाडणारे वेगळे.

पण एक फरक करावा लागतो. पोराला इंग्रजी देणे वेगळे आणि घरची बोली त्याच्या तोंडून पुसून काढणे वेगळे. पहिल्याला भूक हे कारण पुरते. दुसऱ्यासाठी लाज लागते, आणि लाज कोणी तरी शिकवलेली असते.

आयर्लंडात भाषा ‘आपली’ म्हणणारे आणि ती सांभाळणारे हे एकच लोक होते का, हे पाहायला गेलो तर आणखी गोंधळ होतो. डॅनियल ओकॉनेल हा कॅथलिकांचा मोठा पुढारी. १८२९ मध्ये कॅथलिकांना पार्लमेंटात बसण्याचा हक्क मिळाला तो त्याच्या चळवळीमुळे. आयरिश ही त्याची लहानपणाची भाषा. तरी ती हळूहळू नाहीशी झाली तर आपण उसासाही टाकणार नाही, अशा अर्थाचे तो बोलून गेला. व्यवहाराला इंग्रजी बरी, हा त्याचा हिशेब. उलट ती भाषा पुन्हा लोकांच्या तोंडी यावी म्हणून १८९३ मध्ये गेलिक लीग स्थापन झाली, तिचा पहिला अध्यक्ष डग्लस हाइड हा एका प्रॉटेस्टंट पाद्र्याचा मुलगा. प्रॉटेस्टंट म्हणजे तिथल्या बहुसंख्यांच्या नजरेत राज्यकर्त्यांच्या गोटातला. त्याने आयरिश उचलली ती गावच्या म्हाताऱ्यांकडून, शेतमजुरांकडून. त्याचे म्हणणे होते की ही भाषा ना कॅथलिकांची ना प्रॉटेस्टंटांची, ना या पक्षाची ना त्या. १९१५ मध्ये लीगने राजकीय स्वातंत्र्य हे आपले ध्येय ठरवले तेव्हा त्याने अध्यक्षपद सोडले.

त्याचे चूक होते असे म्हणणारे पुष्कळ निघतील. गुलाम देशात भाषेचे काम राजकारणापासून वेगळे कसे ठेवणार? मलाही तो थोडा भाबडा वाटतो. पण त्याच्या मरणाची हकीकत वाचली की तो भाबडेपणा डोळ्यांत खुपत नाही. १९३८ मध्ये हाइड आयर्लंडचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. १९४९ मध्ये तो वारला. डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्स या प्रॉटेस्टंट कॅथेड्रलमध्ये अंत्यविधी होता. परपंथाच्या प्रार्थनेला हजर राहायला कॅथलिक चर्चची मनाई, म्हणून देशाचे बहुतेक मंत्री आत गेलेच नाहीत. ते बाहेर मोटारींमध्ये बसून राहिले. ज्याने त्यांना त्यांची भाषा परत मिळवून देण्यासाठी जन्म घालवला, त्याच्या अखेरच्या प्रार्थनेला ते रस्त्यावर थांबले. आमच्या खेड्यात मय्यत उठते तेव्हा नमाज कोणाला येते आणि कोणाला नाही हे कोणी विचारीत नाही. माणसे येतात, कडेला उभी राहतात, मूठभर माती देतात. निदान अजूनपर्यंत तरी.

स्वतंत्र आयर्लंडने भाषेवर मालकीची मोहोर पक्की मारली. १९३७ च्या संविधानात आयरिश ही राष्ट्रभाषा आणि पहिली राजभाषा. सरकारी नोकरीसाठी ती सक्तीची, शालान्त प्रमाणपत्रासाठी सक्तीची. या दोन्ही सक्ती १९७३-७४ मध्ये काढल्या गेल्या. २००७ पासून ती युरोपीय संघाचीही अधिकृत भाषा आहे. रस्त्यांच्या पाट्यांवर ती आहे, नाण्यांवर आहे. आणि बोलणारे? २०२२ च्या जनगणनेत १८ लाख ७३ हजार ९९७ लोकांनी आपल्याला आयरिश येते असे लिहिले. शाळा-कॉलेजाबाहेर ती रोज बोलतो असे लिहिणारे निघाले ७१ हजार ९६८. बाकीच्यांसाठी तिथे एक शब्द आहे, ‘कूप्ला फोकल’, म्हणजे ‘दोन शब्द’. पुढारी भाषणाच्या सुरुवातीला आयरिशची दोन वाक्ये म्हणतो, टाळ्या घेतो आणि इंग्रजीवर येतो. आपल्याकडे ‘दोन शब्द’ पुस्तकाच्या आरंभी असतात, पण पुढे निदान पुस्तक तरी मराठीत असते! मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा मला आनंद झाला आणि त्याच वेळी ही ‘दोन शब्दां’ची आठवण आली. दर्जा ‘इस ल्युम’ सांगतो. ‘अगम’चे काय, ते रोज संध्याकाळी घराघरात ठरते.

उत्तर आयर्लंडात, बेलफास्टमध्ये, याच्या उलट चित्र आहे. तिथे आयरिश म्हणजे कॅथलिक राष्ट्रवाद्यांची भाषा, तुरुंगात बसून शिकलेली भाषा, असा समज घट्ट आहे. शहराच्या पूर्व भागातल्या प्रॉटेस्टंट वस्तीत ती शत्रूची खूण. तिथेच लिंडा अर्व्हाइन या प्रॉटेस्टंट बाईंनी आयरिशचे वर्ग सुरू केले. ‘तुरस’ हे त्या उपक्रमाचे नाव. अर्थ प्रवास, यात्रा. आपल्या आडनावांत, आपल्या गल्ल्यांच्या नावांत ही भाषा आधीपासून बसलेली आहे, मग ती परक्यांची कशी, असे त्या विचारतात. पण लहान मुलांची आयरिश बालवाडी त्या भागातल्या एका शाळेत भरवायचे ठरले, तेव्हा इतका विरोध झाला की २०२१ मध्ये ती दुसरीकडे न्यावी लागली. तीनचार वर्षांच्या पोरांना ‘पाणी’ आणि ‘मांजर’ यांसाठी आणखी एक शब्द मिळू नये म्हणून मोठ्या माणसांनी केवढा खटाटोप केला! पाट्यांचे भांडण तिथेही आहेच. शहराच्या महापालिकेने नियम केला आहे की एखाद्या रस्त्यावरच्या १५ टक्के रहिवाशांनी होकार दिला की त्या रस्त्याला दुभाषी पाटी लागू शकते. पातूरच्या नगरपरिषदेला हा नियम फार कंजूष वाटला असता, की फार उदार, कोण जाणे.

इथे एक अडचण बाजूला सारून चालणार नाही. भाषा म्हणजे धर्म नव्हे, हे न्यायालयाने म्हटले आणि ते खरे आहे. पण भाषेत धर्म मुरलेला असतो, हेही खरे आहे. आयरिशमध्ये दोन माणसे भेटली की पहिला म्हणतो, देव तुझ्यापाशी असो. दुसरा उत्तर देतो, देव आणि मरियम तुझ्यापाशी असोत. सलामाचे उत्तर सलामापेक्षा थोडे जास्त देण्याची शिकवण आपल्यालाही आहे, म्हणून मला ही पद्धत फार आवडली. शिवाय हजरत मरियम आपल्यालाही परक्या नाहीत. पण बेलफास्टच्या कडव्या प्रॉटेस्टंटाच्या तोंडी ते नाव सहज यायचे नाही. तशीच मराठीत पंढरी मुरलेली आहे, उर्दूत मस्जिदीची हवा आहे. दुसऱ्याची भाषा शिकायची म्हणजे त्याच्या देवाच्या ओसरीवरून जावे लागते. शेख महंमद श्रीगोंदेकरांनी १६४५ मध्ये ‘योगसंग्राम’ पुरा केला तो याच ओसरीवर बसून, आणि त्यांना कोणी हाकलले नाही. फारसीअरबीतून आलेले शब्द मराठीत इतके की १९२५ मध्ये माधवराव पटवर्धनांनी त्यांचा स्वतंत्र कोशच केला. ज्या कचेरीत पातूरच्या पाटीविरुद्ध अर्ज पडला, तिथून ‘अर्ज’ या शब्दाला बाहेर काढायचे म्हटले तर फाईल पुढे सरकणार नाही.

मग भाषा कोणाची, याचे उत्तर मी कुठून देतो? आयर्लंडातून नव्हे, रिद्धपुराहून. अमरावती जिल्ह्यातल्या या गावाला महानुभावांची काशी म्हणतात. मराठी भाषा विद्यापीठ आता तिथेच सुरू झाले आहे. महानुभावांच्या स्मृतिस्थळात एक प्रसंग आहे. पंथाचे आचार्य नागदेव यांचा केशिराजबास हा विद्वान शिष्य संस्कृताकडे वळू लागतो. आचार्य त्याला अडवतात. म्हणतात, अशाने माझ्या म्हाताऱ्या वंचित राहतील. सातशे वर्षांपूर्वीचा हा युक्तिवाद मी अनेकदा मनात घोळवला आहे. मराठी आपली आहे म्हणून मराठीत बोल, असे आचार्य म्हणत नाहीत. संस्कृत त्यांची आहे, असेही म्हणत नाहीत. समोर कोण बसले आहे, एवढेच ते पाहतात. भाषेचे देणे ऐकणाऱ्याला लागते. ते बापजाद्यांना लागत नाही आणि दिल्ली-मुंबईलाही लागत नाही.

या हिशेबाने पाहिले तर वऱ्हाडच्या मुसलमानावर मराठीचे देणे आहे ते देशप्रेमाचा दाखला म्हणून नव्हे. तसा दाखला मागणाऱ्याला तो देऊही नये, कारण एकदा दिला की दर वर्षी नूतनीकरणाला बोलावतात. देणे आहे ते शेजाऱ्याचे. वावराच्या धुऱ्यापलीकडे जो उभा आहे, दवाखान्यात ज्याच्या खाटेशेजारी आपली खाट आहे, त्याचे. ‘हमसाया’ या शब्दात एकाच सावलीत असणे आहे, आणि हमसायाचे हक्क आपल्याकडे किती कडक आहेत ते वेगळे सांगायला नको. त्याच हिशेबाने पातूर, बाळापूर, अचलपूर, कारंज्याच्या मराठी माणसावर उर्दूचे थोडे देणे आहे. तिकडून त्याचा उल्लेख क्वचित होतो, म्हणून इथे करून ठेवतो.

आपल्या घरचेही बोलले पाहिजे. उर्दूला दीन समजण्याची सवय आपल्यातही आहे. मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला ‘तुम तो उनकी जबान में लिखते’ हे कुठल्या ना कुठल्या बैठकीत ऐकावे लागतेच. ज्याने हे म्हटलेले असते, त्याच्या घरात बायका ‘वावर में डवरा चालू है’, ‘पऱ्हाटी को निंदन आ गया’ असे बोलत असतात. वावर, डवरा, पऱ्हाटी, निंदन हे शब्द लखनौचे नव्हेत. आमची घरची उर्दू वऱ्हाडी मातीत रुजलेली आहे. लखनौवाल्याला ती ऐकून हसू येईल आणि पुणेकराला वऱ्हाडी ऐकून येते तसेच ते असेल. कुराणात माणसांच्या भाषांचे आणि रंगांचे वेगळेपण अल्लाहच्या निशाण्यांत गणले आहे (सूरह रूम, आयत २२). ही निशाणी फक्त अरबी-उर्दूपुरती आहे, असे तिथे कुठेच लिहिलेले नाही. वऱ्हाडीही तिच्यात धरावी लागेल.

दुसऱ्या बाजूने, उर्दू शाळेतल्या मुलाचे मराठी कच्चे राहते आणि मग सातबारा वाचायला त्याला तिसरा माणूस शोधावा लागतो, हेही लपवण्यात अर्थ नाही. तो विषय वाढवला तर शिक्षकांच्या भरतीपर्यंत जातो. तो स्वतंत्रपणे लिहावा लागेल.

आयरिशमध्ये ‘मेहल’ असा एक शब्द आहे. कापणीला शेजारी मिळून एकाच्या शेतात राबायचे, मग दुसऱ्याच्या, मजुरी कोणी कोणाला द्यायची नाही. आपल्याकडे कुठे याला इर्जिक म्हणतात, कुठे सावड. यंत्रे आली, मजुरी रोखीची झाली, तशी तिकडेही ही रीत मागे पडली आणि इकडेही. शब्द मात्र दोन्हीकडे उरले आहेत. एका शेतात दोन घरचे बैल आणि दोन घरची बोली, असे काही त्या रीतीत आपोआप घडत असे. ‘वखर धर’ हे कळायला मग व्याकरण लागत नसे. पातूरच्या पाटीवर आता दोन ओळी राहणार आहेत, न्यायालयाच्या हुकुमाने राहणार आहेत. वरची ओळ वाचणारी मुले एका शाळेतून बाहेर पडतात, खालची वाचणारी दुसऱ्या शाळेतून. दोन्ही ओळी वाचता येणारी किती, हे मोजायला जनगणनेची वाट पाहावी लागत नाही. एखाद्या दुपारी शाळा सुटायच्या वेळी पाटीखाली उभे राहून विचारता येईल.